अरापाहो भाषेत ‘नाही’ कसं म्हणतात आणि प्रश्न कसा विचारतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरापाहो कुठे बोलतात?

अमेरिकेत. उत्तर अरापाहो लोक वायोमिंग राज्यातल्या विंड रिव्हर राखीव क्षेत्रात राहतात. १८७८ साली त्यांना तिथे आणलं गेलं आणि तेव्हापासून ईस्टर्न शोशोनी लोकांबरोबर ते त्या जमिनीचे वाटेकरी आहेत. शोशोनींची भाषा पूर्णपणे वेगळ्या कुळातली आहे. दक्षिण अरापाहो ओक्लाहोमात शायान लोकांबरोबर एकाच जमातीत मोडतात. अरापाहो ही आल्गॉन्कियन कुळातली भाषा, म्हणजे क्री, ओजिब्वे आणि शायान या तिच्या बहिणी. भाषेचं तिच्या बोलणाऱ्यांनी वापरलेलं नाव हिनोनो’एइतीत. आज ती अस्खलित बोलणारे बहुतेक सगळे वयस्क आहेत, त्यामुळे शाळांतून आणि वर्गांतून ती मुलांपर्यंत पोचवायची धडपड चालू असते.

इथे शब्द देवनागरीत लिहिलेत. ते वाचायचे कसे?

अरापाहो रोमन अक्षरांत लिहिली जाते. त्या लेखनात दोनदा काढलेला ‘ओ’ दिसला की इंग्रजीच्या सवयीने आपण ‘ऊ’ वाचतो. तो तसा नाही, तो लांब ‘ओ’ आहे. म्हणून इथे मी ‘ओओ’ असंच लिहिलंय. ‘एए’ म्हणजे लांब ‘ए’. वरचा स्वल्पविराम (’) म्हणजे घशात क्षणभर अडलेला श्वास, आणि ते व्यंजनच आहे, गाळायचं नाही. ‘च’ नेहमी ‘चहा’तला, ‘चमचा’तला नव्हे. रोमन लेखनात मधूनच इंग्रजी तीनचा आकडा दिसतो. ती छपाईची चूक नव्हे. इंग्रजीत ‘थ्री’ म्हणताना जीभ दातांत येऊन जो आवाज निघतो, त्याच्यासाठी तो आकडाच अक्षर म्हणून घेतलाय. शब्दांवर स्वराघाताच्या खुणाही असतात, त्या इथे गाळल्यात.

जाता जाता: या भाषेत ‘र’ नाही आणि ‘आ’ही नाही. म्हणजे ‘अरापाहो’ हे नाव तिच्यातलं असणं शक्यच नाही, ते बाहेरच्यांनी दिलेलं.

‘नाही’साठी एखादा शब्द पाठ केला की काम भागेल ना?

एकट्या उत्तरापुरतं भागेल. कुणी काही विचारलं आणि उत्तर नकारार्थी असलं, तर ‘हीको’ म्हणायचं. झालं.

पण पूर्ण वाक्य नकारार्थी करायचं तर ‘हीको’ला तिथे जागा नाही. नकार क्रियापदाच्या पोटात शिरतो, आणि तो शिरला की क्रियापदाची सगळी ठेवण बदलते. ‘मला ते माहीत आहे’ हे एकाच शब्दात होतं: हेए’इनोवोओ. ‘मला ते माहीत नाही’ हाही एकच शब्द: नेइहोओवोए’इन. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पहिल्याच्या शेवटचं ‘-ओवोओ’ दुसऱ्यात उरलेलंच नाही. दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘ने-’ आलंय, ते पहिल्यात नव्हतं. मधला ‘-इहोओवु-’ हा खरा नकार. धातू ‘हे’इन-’ दोन्हीकडे एकच, फक्त नकाराला चिकटताना त्याचा ‘ह’ गळून स्वर एकमेकांत मिसळलेत.

नवशिक्याला वाटतं की हे वेगळंच क्रियापद असावं. तसं नाही. एकाच क्रियापदाला नेसवायची दोन वेगळी वस्त्रं आहेत.

ही दोन वस्त्रं म्हणजे नेमकं काय?

अरापाहोत क्रियापदाच्या रूपांचे चार मोठे संच आहेत. एक आज्ञेचा, एक गौण वाक्यांचा, आणि उरलेले दोन मुख्य वाक्यांचे. या शेवटच्या दोघांना मी इथे ‘ठाम’ आणि ‘बिनठाम’ म्हणतो. ‘होकारार्थी’ आणि ‘नकारार्थी’ ही नावं मुद्दाम टाळलीत, त्याचं कारण पुढे येईल.

ठाम संचात कर्ता कोण हे क्रियापदाच्या शेवटी कळतं. ‘येऊन पोचणं’ याचा धातू ‘नो’उसेए-’ आणि भूतकाळाची खूण ‘निह-’ घ्या:

निह्नो’उसेएनोओ – मी पोचलो
निह्नो’उसेएन – तू पोचलास
निह्नो’उसेएत – तो (किंवा ती) पोचला

मराठी माणसाला यात अडचण वाटू नये. ‘पोचलो, पोचलास, पोचला’ इथेही माणूस शेपटीतच ओळखू येतो. लिंगभेद मात्र नाही.

आता नकार:

नेइहोओव्नो’उसेए – मी पोचत नाही
हेइहोओव्नो’उसेए – तू पोचत नाहीस
होओव्नो’उसेए – तो (किंवा ती) पोचत नाही

शेपट्या गेल्या. माणूस आता शब्दाच्या तोंडाशी आलाय: ‘ने-’ म्हणजे मी, ‘हे-’ म्हणजे तू, आणि तिसऱ्या माणसासाठी काहीच नाही, थेट नकारापासून सुरुवात. अनेकवचन असलं तर मात्र शेवटी काहीतरी लागतं. ‘ते पोचत नाहीत’ याला शेवटी ‘-नो’’ येतं.

थोडक्यात ठाम रूपात माणूस मागे असतो आणि बिनठाम रूपात पुढे. एवढं पक्कं झालं की मुख्य वाक्यातलं साधं क्रियापद समोर आलं तर ते या दोनपैकी कुठल्या संचातलं आहे ते ओळखता येतं.

ठाम रूपांत धातूचा पहिला स्वरही बदललेला दिसतो. नकारात तो पुन्हा मूळचा कसा होतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं कौतुक वाटतं, कारण बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही.

काळाची कुठलीही खूण न लावता ठाम रूप वापरलं की धातूच्या पहिल्या स्वरात बदल होतो. ऱ्हस्व असेल तर तो लांबतो: ‘हे’इन-’चं ‘हेए’इन-’ झालेलं वर पाहिलंत. आधीच लांब असेल तर त्याच्या आधी ‘-एन-’ किंवा ‘-ओन-’ घुसतं. ‘रडणं’ म्हणजे ‘बीवोओहु-’, पण ‘तो रडतोय’ म्हणजे ‘बेनीवोओहुत’. ‘(वस्तू) पाहणं’ म्हणजे ‘नोओहोओत-’, पण ‘मी ते पाहतोय’ म्हणजे ‘नोनोओहोओतोवोओ’.

बिनठाम संचात हा बदल होतच नाही. ‘मी ते पाहत नाही’ याचं रूप नेइहोओव्नोओहोओत. मधला धातू जसाच्या तसा. म्हणून शब्दकोशात धातू शोधायचा असेल तर नकारार्थी रूप हाताशी असणं सोयीचं. ठाम रूपातून धातू काढायला आधी तो स्वरबदल उलटा फिरवावा लागतो.

‘हो की नाही’ असं उत्तर असलेला प्रश्न कसा विचारायचा?

शब्दाच्या अगदी पुढे ‘कोओ-’ लावायचं. मराठीत ‘का’ शेवटी येतो, इथे प्रश्न आधी जाहीर होतो. त्याच्यामागे माणूस, मग धातू: कोओ + हे + नोओहोओत, म्हणजे कोओहेनोओहोओत, ‘तू ते पाहतोस का?’

आता हे नीट बघा. ‘हे-’ पुढे आहे, शेपूट नाही, स्वर बदललेला नाही. म्हणजे प्रश्नाचं क्रियापदही बिनठाम संचातलंच आहे. नकाराचा अंशही नसलेल्या साध्या प्रश्नात नकाराचीच रूपं.

मराठीशी ताडून पाहिलं की हे किती निराळं आहे ते कळतं. ‘तू येतोस’ आणि ‘तू येतोस का?’ यांत क्रियापद तसूभरही हलत नाही. उलट ‘येतोस’ आणि ‘येत नाहीस’ यांत हलतं. म्हणजे मराठी विधान आणि प्रश्न एका बाजूला ठेवते आणि नकार दुसऱ्या. अरापाहो विधान एकटं ठेवते आणि प्रश्न व नकार दोघांना एकत्र बसवते.

आणि ‘कुठे’, ‘कसं’ अशा प्रश्नांत?

तिथेही तेच. ‘कुठे’साठी ‘तोओत-’ आणि ‘कसं, कशा तऱ्हेने’साठी ‘तोउसि-’ हे क्रियापदाच्या पुढे चिकटतात आणि क्रियापद बिनठाम संचात जातं. अशा प्रश्नात ‘कोओ-’ लावायचं नसतं. ‘कोण’ला ‘हेनेए’’ आणि ‘काय’ला ‘हेएयोउ’ म्हणतात.

पण प्रश्न आणि नकार यांचा एकमेकांशी संबंध काय?

‘होकारार्थी–नकारार्थी’ ही जोडी मी टाळली ती याचसाठी. या भाषेने रेघ ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ओढलेली नाही. रेघेच्या एका बाजूला आहे ‘हे असं आहे’ असं बोलणाऱ्याने स्वतःच्या हिमतीवर सांगणं. दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं. नकारात ती गोष्ट घडलेली नसते. प्रश्नात ती घडली की नाही हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. दोन्हीकडे ‘अमुक घडलं’ अशी ग्वाही कुणी देत नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा गोष्टींत सापडतो. परंपरेने चालत आलेल्या कथा सांगताना अरापाहो कथेकरी भूतकाळाची नेहमीची ‘निह-’ ही खूण वापरत नाहीत. ते ‘हे’इह-’ वापरतात. आणि ‘हे’इह-’ नंतर क्रियापद येतं ते बिनठाम संचातलं! मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगताना ‘निह्नो’उसेएत’, तो पोचला, शेवटी ‘-त’. कथेतला कुणी पोचला तर ‘हे’इह्नो’उसेए’. ‘-त’ गेला. तिथे नकार नाही, प्रश्न नाही, माणूस खुशाल पोचलाय. पण सांगणारा त्याचा साक्षीदार नाही. आपल्याकडे ‘एक राजा होता म्हणे’ यातल्या ‘म्हणे’मध्ये जी अलिप्तता आहे, ती इथे क्रियापदाच्या ठेवणीतच बसवलेली आहे.

व्याकरणाच्या पुस्तकांत या संचाचा ‘नकार आणि प्रश्नांसाठी’ एवढाच परिचय दिलेला असतो तेव्हा मला चुकचुकल्यासारखं होतं. नवशिक्याच्या हातात पहिली लोककथा येते, तो सगळीकडे ‘-त’ नसलेली क्रियापदं बघतो आणि नकार शोधत बसतो.

अशी दुहेरी व्यवस्था आली कुठून?

यासाठी बहिणींकडे बघावं लागतं. क्रीमध्ये ‘मला ते माहीत आहे’ म्हणजे ‘निकिस्केयिह्तेन’. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नमोया निकिस्केयिह्तेन’. ‘तुला माहीत आहे का?’ म्हणजे ‘किकिस्केयिह्तेन ची?’ नकाराला ‘नमोया’ हा सुटा शब्द, प्रश्नाला ‘ची’ हा सुटा शब्द, आणि क्रियापदाच्या तोंडाशी तिन्ही ठिकाणी माणूस: ‘नि-’ मी, ‘कि-’ तू. ओजिब्वेमध्ये नकाराला ‘गाविन’ येतं आणि शिवाय क्रियापदालाही शेवटी एक नकाराचा प्रत्यय लागतो, पण माणूस पुढेच.

म्हणजे माणूस पुढे ठेवण्याची रीत कुळातली जुनी. अरापाहोचं ‘ने-’ आणि क्रीचं ‘नि-’ एकच. ‘हे-’ आणि ‘कि-’ हेही एकच, कारण मूळ भाषेतला ‘क’ अरापाहोत लोप पावला आणि शब्दारंभी उघड्या पडलेल्या स्वराला ‘ह’ चिकटला. क्री या जुन्या रूपांनीच साधं विधान करते. अरापाहोत मात्र साध्या विधानाचं काम दुसऱ्याच रूपांनी बळकावलं. ती मुळात गौण वाक्यांतली, ‘जाणारा, पोचलेला’ अशा धाटणीची होती. जुनी रूपं मागे हटली आणि नकार, प्रश्न, ऐकीव कथा एवढ्या कोपऱ्यात टिकून राहिली.

हे ऐकून मराठी वाचकाने दचकायला हवं, कारण असंच काहीसं आपल्याही घरात घडलंय. ‘दिसतं’, ‘कळतं’, ‘सुचतं’ ही आजची विधानाची रूपं मुळात कृदंतांतून आलेली. त्यांच्या आधीचं जुनं वर्तमानकाळाचं रूप होतं ‘दिसे’, ‘कळे’, ‘सुचे’. ते विधानातून हटलं. कुठे टिकलं? एक, ‘आजी रोज पहाटे उठे, दळण दळी’ अशा भूतकाळातल्या सवयीत. आणि दोन, नकारात: ‘काही दिसेना’, ‘कळेना’, ‘सुचेना’. ‘कळतं’चा नकार ‘कळत नाही’ असाही होतो, पण ‘कळेना’ म्हणताना आपण नकळत जुन्या मराठीचं क्रियापद वापरत असतो. हजारो मैल दूर असलेल्या, काहीही नातं नसलेल्या दोन भाषांत जुनी रूपं नकाराच्या आडोशाला जाऊन टिकावीत, हे मला फार रंजक वाटतं. फरक एवढाच की मराठीत तो आडोसा छोटा आहे, अरापाहोत तो सबंध वाडा आहे.

‘रडू नकोस’ म्हणायचं तर ‘-इहोओवु-’ चालेल का?

नाही. आज्ञेच्या नकाराला ‘चीबेह-’ लागतं, आणि त्याच्यापुढे आज्ञेचं रूप: चीबेह्बीवोओहु, ‘रडू नकोस’. ‘तू’साठी वेगळी खूण नाही, जशी आज्ञेत नसते. ‘नाही’ आणि ‘नको’ यांत गल्लत न करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

‘तो न आल्यामुळे…’ यातला ‘न’?

त्यालाही तिसरी खूण आहे: ‘-ची-’. ‘जेव्हा’, ‘कारण’ अशा अर्थाच्या गौण वाक्यांत क्रियापद गौण वाक्यांच्या संचात असतं, बिनठाम संचात नसतं, आणि नकार ‘-ची-’ने होतो. म्हणजे मुख्य वाक्यात ‘-इहोओवु-’, आज्ञेत ‘चीबेह-’, गौण वाक्यात ‘-ची-’. मराठीत ‘नाही’, ‘नको’, ‘न’. अगदी तंतोतंत जुळतं असं म्हणणार नाही, पण वाटणी ओळखीची आहे. या बाबतीत इंग्रजीतून अरापाहो शिकणाऱ्यापेक्षा मराठीतून शिकणारा दोन पावलं पुढून सुरू करतो.

‘आम्ही नाही’ आणि ‘आपण नाही’ यांत फरक होतो का?

होतो, आणि इथेही आपलं बरं चालतं. ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’, त्याला धरून ‘आपण’, हा भेद अरापाहोत क्रियापदातच आहे. बिनठाम संचात ‘आम्ही’ला ‘ने-’ लागतं, म्हणजे ‘मी’चं. ‘आपण’ला ‘हे-’ लागतं, म्हणजे ‘तू’चं! ऐकणारा गटात आला की पुढची जागा त्याची. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोघांना शेवटी ‘-बे’ जोडलं जातं, त्यामुळे ‘ने-…-बे’ म्हणजे आम्ही आणि ‘हे-…-बे’ म्हणजे तुम्ही. ठाम संचात हे सगळं शेपटांवर चालतं आणि तिथे ‘तू’ची अशी सरशी दिसत नाही.

कर्म सजीव असेल तर नकार बदलतो का?

नकाराची खूण बदलत नाही, धातू बदलतो. ‘वस्तू पाहणं’ म्हणजे ‘नोओहोओत-’, पण ‘माणूस किंवा प्राणी पाहणं’ म्हणजे ‘नोओहोव-’. म्हणून ‘मी ते पाहत नाही’ नेइहोओव्नोओहोओत, तर ‘मी त्याला पाहत नाही’ नेइहोओव्नोओहोवोओ. दुसऱ्यात शेवटी ‘-ओओ’ आलं, कारण आता ‘मी’बरोबर ‘त्या’चीही दखल घ्यावी लागते. बिनठाम संचाला शेपूट नसते हा वरचा नियम साध्या क्रियापदांपुरता होता. दोन माणसं गुंतली की शेपट्या परत येतात आणि तक्ता चांगलाच लांबतो. तो पहिल्या महिन्यात पाठ करायच्या भानगडीत पडू नका.

मग सुरुवात कुठून करू?

बहुतेक पाठ्यक्रम ठाम रूपांपासून सुरू होतात आणि नकार बऱ्याच उशिरा येतो. माझ्या मते एकाच धातूची दोन्ही रूपं पहिल्याच दिवशी जोडीने घ्यावीत. ‘नो’उसेए-’ त्यासाठी चांगला, कारण त्यात स्वरांची फार उलथापालथ होत नाही. तिन्ही पुरुष ठाम, तिन्ही नकारार्थी, मग तेच ‘हे’इह-’ लावून.

ऐकण्यासाठी बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाने अरापाहोवर केलेलं काम इंटरनेटवर उपलब्ध आहे. ऐकताना पहिल्या दोन अक्षरांकडे कान ठेवा. ‘कोओ’ आलं तर प्रश्न, ‘नेइहोओ’ किंवा ‘हेइहोओ’ आलं तर नकार, ‘हे’इह’ आलं तर गोष्ट सुरू झाली. मात्र ‘हेएत-’ आलं तर गोंधळू नका. तो ‘तू’ नव्हे, ती भविष्यकाळाची खूण आहे. ‘हेएत्नोओहोओतोवोओ’ म्हणजे ‘मी ते पाहीन’, आणि ते ठाम रूप आहे.